बँकॉकमधला पहिला दिवस: एकट्याने जाणाऱ्यासाठी विमानतळापासून रात्रीच्या मेट्रोपर्यंत

मुंबईहून बँकॉकला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. प्रवास साडेचार तासांच्या आतबाहेर, आणि थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे उतरताना तिथे सकाळचे सहा-सात वाजलेले असतात आणि झोप जेमतेम दोन-तीन तासांची झालेली असते. हॉटेलची खोली मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी दोनशिवाय मिळत नाही. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याचे पैसे आणि मनःशांती जी काही जायची ती याच सात-आठ तासांत जाते. सिम विकणारा, नोटा बदलणारा, टॅक्सीवाला, 'राजवाडा आज बंद आहे' म्हणून सांगणारा सद्गृहस्थ, या सगळ्यांसमोर पेंगुळलेला माणूस उभ्या उभ्या निर्णय घेतो. सोबत कुणी असेल तर "थांब, जरा बघू" म्हणणारे दुसरे तोंड असते, एकट्याजवळ ते नसते. म्हणून पहिल्या दिवसाचे निर्णय जमतील तितके घरी बसून घ्यायचे आणि तिथे फक्त ते पाळायचे, याच हिशेबाने पुढचे सगळे मांडले आहे.

निघण्यापूर्वी घरी करायची कामे

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. पण किती दिवस राहता येते हा आकडा त्यानंतरही बदललेला आहे, त्यामुळे कुणाच्या जुन्या माहितीवर न जाता तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम वाचा.

१ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडॅक, भरणे सक्तीचे आहे. हा अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो आणि तो पूर्णपणे मोफत आहे. नेमका इथेच पहिला खड्डा आहे: सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या काही खासगी साइट्स हाच अर्ज 'भरून देण्याचे' पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी '.go.th' असेल तरच ती सरकारी साइट. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहा. आडनाव आणि नावाच्या रकान्यांची अदलाबदल ही आपल्याकडची हमखास चूक. मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत कागदावरही घ्या, कारण विमानतळावर फोनची बॅटरी आणि वायफाय यांच्या भरवशावर राहणे परवडत नाही.

परतीचे तिकीट आणि किमान पहिल्या काही रात्रींचे हॉटेल बुकिंग छापून घ्या. इमिग्रेशन अधिकारी माणशी २०,००० बाट इतके पैसे जवळ आहेत का, हे विचारू शकतो. विचारणा क्वचित होते, पण एकट्या तरुण प्रवाशाला ती होण्याची शक्यता कुटुंबापेक्षा जास्त. थोडे परकीय चलन आणि चालू कार्ड दाखवता आले पाहिजे.

कार्डाबाबत एक गोष्ट बरेच जण विसरतात. आपल्या बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर, एटीएम आणि कॉन्टॅक्टलेस ही तिन्ही बटणे चालू करा, आणि हे विमानात बसण्यापूर्वी करा. तिथे गेल्यावर ओटीपीसाठी आपले सिम चालू नसेल तर ते बटणही हाताबाहेर जाते. दोन कार्डे न्या, एक खिशात आणि एक सामानात.

रोख नेण्यासाठी १०० डॉलरच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटा सर्वांत सोयीच्या. बँकॉकचे चलनविनिमयवाले मोठ्या नोटेला जास्त भाव देतात, तर पेनाची खूण असलेली किंवा फाटकी नोट परत करतात. भारतीय रुपये बाहेर नेण्याची मर्यादा २५,००० आहे आणि ते तिथे बदलूनही मिळतात, पण भाव पडतो. रुपये परतीच्या रिक्षापुरते ठेवा.

राहण्याची जागा निवडताना खोलीच्या फोटोंपेक्षा स्टेशनपासूनचे अंतर पाहा. पहिल्या खेपेला बीटीएस (खांबांवरून धावणारी मेट्रो) किंवा एमआरटी (बहुतांशी भुयारी मेट्रो) स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांच्या आत राहावे. असोक हा भाग सोयीचा, कारण तिथे बीटीएसचे असोक आणि एमआरटीचे सुखुमवित अशी दोन स्टेशने एकमेकांना जोडलेली आहेत. सीलोम, साला डेंग आणि फया थाई हेही चांगले. खाओ सान रोडला स्वस्त हॉस्टेले भरपूर, पण तिथे रेल्वे नाही, आणि एकट्याने पहिल्याच दिवशी टॅक्सीवर अवलंबून राहणे म्हणजे दर वेळी नवी घासाघीस.

पत्ता वाचतानाही एक खुबी आहे. मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला 'सोय' म्हणतात आणि तिला नंबर असतो. सुखुमवित रस्त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम नंबर, पण दोन्हीकडची मोजणी बरोबरीने जात नाही. असोक स्टेशनपाशी एका बाजूला सोय २१ आहे आणि समोर सोय १६च्या आसपासचे आकडे. त्यामुळे 'सोय २२ म्हणजे सोय २१ च्या समोर' असे गृहीत धरलेला माणूस बॅग ओढत भलतीकडे चालत राहतो. शिवाय सोय नाना नावाच्या गल्ल्या सुखुमवितलाही आहेत आणि चायनाटाउनमध्येही. हॉटेलचे नाव, पत्ता आणि फोन थाई लिपीत असलेला स्क्रीनशॉट काढून ठेवा. बऱ्याच टॅक्सीवाल्यांना इंग्रजी नकाशा वाचता येत नाही, थाई पत्ता मात्र लगेच कळतो.

प्लगचा प्रश्न छोटा आहे. आपली दोन बारीक गोल पिनांची चार्जर पिन तिथे चालते, लॅपटॉपची तीन जाड पिनांची चालत नाही. ई-सिगारेट मात्र घरीच ठेवा, थायलंडमध्ये त्यावर बंदी आहे.

सुवर्णभूमी विमानतळावरचा क्रम

मुंबईची बहुतेक विमाने सुवर्णभूमीला उतरतात. आगमन दुसऱ्या मजल्यावर, टॅक्सी पहिल्या मजल्यावर, शहरात जाणारी रेल्वे तळघरात. एवढे तीन मजले डोक्यात ठेवले तरी निम्मी धावपळ वाचते. क्रम असा ठेवा:

१. विमानातून उतरल्याबरोबर, इमिग्रेशनच्या रांगेत लागण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या. रांग कधी वीस मिनिटांची, कधी तासाभराहून मोठी असते आणि मध्येच सोडता येत नाही.

२. रांगेत असतानाच पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि टीडॅकचा कोड हातात काढून ठेवा. कुठे राहणार, किती दिवस, या प्रश्नांना एकेका वाक्यात उत्तर द्या. शिक्का मारून झाल्यावर खिडकीपासून बाजूला होऊन त्यावरची 'कधीपर्यंत राहता येईल' ही तारीख वाचा. चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते.

३. सामान घेऊन बाहेर आलात की सिम. एआयएस आणि ट्रू या दोन मोठ्या कंपन्यांचे काउंटर समोरच दिसतात. पासपोर्ट दाखवावा लागतो आणि फोटो काढतात. सिम घालून घेतल्यावर काउंटर सोडण्यापूर्वी नकाशा उघडून बघा. जुने भारतीय सिम त्यांनी दिलेल्या कार्डाला चिकटवून पाकिटात ठेवा, ते नखाएवढे असते आणि खिशातून हमखास पडते. फोनला ई-सिम चालत असेल तर ते घरूनच घ्या, म्हणजे आपले सिमही जागेवर राहते आणि बँकेचे ओटीपी येत राहतात.

४. आगमनाच्या मजल्यावर पैसे बदलू नका. तळघरात, रेल्वेच्या प्रवेशद्वाराजवळ, चलनविनिमयाच्या लहान खिडक्यांची रांग आहे. तिथला भाव वरच्या बँकांच्या खिडक्यांपेक्षा स्पष्टपणे चांगला असतो. पहिल्या दिवसापुरते १०० डॉलर बदलून पुरे. नोटा खिडकीसमोरच मोजा.

एटीएमचा मार्ग महाग पडतो. परदेशी कार्डावर थाई बँक दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क लावते, आपल्या बँकेचे वेगळे. काढायचेच असतील तर एकदाच मोठी रक्कम काढा. पडद्यावर 'रुपयांत हिशेब करू का?' असा पर्याय आला की नाही म्हणा आणि बाटमध्येच व्यवहार करा, कारण रुपयांतल्या हिशेबात यंत्रवाले स्वतःचा भाव लावतात. नकार दिल्याने व्यवहार रद्द होत नाही, पुढे जातो. त्या पडद्यावरची वाक्यरचनाच अशी असते की नकाराने सगळे अडेल असे वाटावे.

एका बाटला ढोबळमानाने पावणेतीन ते तीन रुपये धरा. २० ची नोट हिरवी, ५० ची निळी, १०० ची लाल, ५०० ची जांभळी, १००० ची तपकिरी. मंद उजेडात लाल आणि जांभळी यांत गल्लत होते, म्हणून १०० पर्यंतच्या नोटा एका खिशात आणि मोठ्या दुसरीकडे. १००० ची नोट सेव्हन-इलेव्हन दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडा. रस्त्यावरच्या गाडीवाल्याकडे सुटे नसतात. दुकानांत सर्वत्र दिसणारे क्यूआर कोड थाई बँकखात्यांना जोडलेल्या प्रॉम्प्टपेचे असतात, तेव्हा खिसा रोखीनेच भरलेला हवा.

शहरात कसे जायचे

एअरपोर्ट रेल लिंक सुवर्णभूमीहून फया थाईपर्यंत जाते. सर्वांत लांबचे भाडे ४५ बाट, वेळ अर्ध्या तासाच्या आत. यंत्रात स्टेशन निवडून पैसे टाकले की प्लास्टिकचा गोल टोकन मिळतो. आत जाताना टेकवायचा, बाहेर पडताना खाचेत टाकायचा. फया थाईला बीटीएसची सुखुमवित लाइन मिळते. असोकला जायचे असेल तर नकाशा मक्कासानला उतरून एमआरटीच्या फेत्चबुरी स्टेशनवर जायला सांगतो, तिथून सुखुमवित एकच स्टेशन. अंतर कमी हे खरे, पण मक्कासान ते फेत्चबुरी बऱ्यापैकी चाल आहे. पाठीवर सॅक असेल तर हा मार्ग घ्या, चाकांची मोठी बॅग असेल तर फया थाईपर्यंत बसून जा. सकाळी सात ते नऊ या गाडीला ऑफिसची गर्दी असते, मोठी बॅग घेऊन मधल्या स्टेशनवर उतरणे जड जाते.

टॅक्सी हवी असेल तर पहिल्या मजल्यावर यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या आणि त्या नंबराच्या फलकाखाली उभी असलेली गाडी पकडा. आगमनाच्या दारात 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत येणाऱ्याबरोबर जाऊ नका. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर ५० बाट विमानतळाचा आकार, आणि एक्सप्रेसवेचा टोल प्रवाशाने द्यायचा. असोक-सीलोमपर्यंत सगळे मिळून साधारण ३५० ते ५०० बाट, वाहतुकीप्रमाणे. चालक ठरावीक रक्कम सांगू लागला तर हसून "मीटर" एवढेच म्हणा, नाही ऐकले तर उतरून पुढची चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक असतो, तक्रारीसाठी तोच पुरावा, म्हणून ती त्याच्या हातात परत देऊ नका.

डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरणाऱ्यांनी रेड लाइनच्या गाडीने क्रुंग थेप अफिवात स्टेशन गाठावे आणि तिथून एमआरटी पकडावी, किंवा ए-१ क्रमांकाच्या बसने बीटीएसच्या मो चितला जावे.

खोली मिळेपर्यंतचे तास

हॉटेलवर पोहोचलात की खोली मागू नका, सामान ठेवून घेण्याची विनंती करा. बहुतेक सगळीकडे ते विनामूल्य होते आणि पावती किंवा बिल्ला देतात. पासपोर्ट, रोख, औषधे आणि चार्जर स्वतःजवळ. लॉबीच्या स्वच्छतागृहात तोंड धुऊन कपडे बदला, थायलंडच्या दमट हवेत विमानातले जाडे कपडे तासाभरात अंगाला चिकटतात.

या वेळात ग्रँड पॅलेसला, म्हणजे राजवाड्याला, जाऊ नये असे आमचे ठाम मत आहे. तिकीट ५०० बाटचे, सावली कमी, गर्दी प्रचंड, आणि आत बघण्यासारखे इतके की अर्धी झोप झालेल्या डोळ्यांनी ते बघणे वाया जाते. तिथल्या वात फ्रा केवच्या ('वात' म्हणजे देऊळ) भिंतींवर १७८ भागांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेले आहे. आपल्या माणसाने ते सावकाश, हनुमान-रावणाला ओळखत ओळखत बघायला हवे. ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, दार उघडताना.

त्याऐवजी बाग. असोकजवळ राहात असाल तर बेंचाकिती पार्क, सीलोमजवळ असाल तर लुंफिनी. बेंचाकितीत पाणथळीवरून जाणारा उंच पूल आहे, लुंफिनीत तळ्याकाठी घोरपडीसारखे मोठे सरडे उन्हाला पडलेले असतात. त्यांना खायला घालू नका, वाट अडवू नका, ते आपल्या वाटेने जातात. दोन्हीकडे प्रवेश मोफत, बाके भरपूर, आणि एकटा माणूस तासभर बसून राहिला तरी कुणी ढुंकून बघत नाही. दहा-साडेदहानंतर ऊन चढले की थंडगार मॉलमध्ये शिरा.

बागेत किंवा स्टेशनवर असताना सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागले तर सगळे जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल चेष्टेने बोलणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे, नोटेवर पाय देणेही टाळावे, तिच्यावर राजाचे चित्र असते.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचे

मांसाहाऱ्याला बँकॉकमध्ये काही शिकवावे लागत नाही. जिथे गर्दी आहे आणि कढई सतत तापलेली आहे तिथे खावे, एवढे पुरे. शाकाहाऱ्याची अडचण वेगळी आहे. भाजीत तुकडे दिसत नाहीत म्हणून ती शाकाहारी असे नाही. माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, तिथे मिठाच्या जागी पडतो, ऑयस्टर सॉस परतलेल्या भाज्यांत असतो आणि पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. विकणाऱ्याच्या दृष्टीने 'मांस नाही' म्हणजे झाले, तो फसवत नसतो.

म्हणून 'शाकाहारी' हा इंग्रजी शब्द वापरण्याऐवजी "किन जे" म्हणा. 'जे' हे चिनी-बौद्ध परंपरेतले कडक शाकाहारी जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. अशा दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असते, ते लांबून रोमन लिपीतल्या १७ आकड्यासारखे दिसते. एकदा डोळ्यांत बसले की गल्लोगल्ली सापडू लागते. पाकीटबंद वस्तूंवरही तीच खूण असते. 'मांसाविरात' म्हटले तर अंडे चालते असे समजतात. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा रस घालू नका, "माय साय खाय" म्हणजे अंडे नको, "माय फेत" म्हणजे तिखट नको. शेवटचे वाक्य आपल्याला कशाला लागेल असे वाटेल, पण बारीक हिरव्या-लाल मिरच्यांचा तिथला तिखटपणा कोल्हापूरकरालाही पाणी मागायला लावतो. पहिल्या दिवशी तरी पोटाला तोशीस नको.

पहिल्या दुपारसाठी असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधले पिअर २१ फूड कोर्ट उत्तम. आधी काउंटरवर २०० बाट भरून कार्ड घ्यायचे, दुकानात ते दाखवायचे, उरलेले पैसे त्याच दिवशी परत मिळतात. ताट समोर दिसते, भाव लिहिलेला असतो, शाकाहारी काउंटरही आहे. एकट्याला टेबल मिळवताना अवघडल्यासारखे होत नाही, कारण निम्मे लोक एकटेच जेवत असतात.

पाणी बाटलीचेच प्या. बर्फाची भीती थोडी कमी करता येते: मधोमध भोक असलेला नळकांडीसारखा बर्फ कारखान्यातला असतो आणि तो सहसा ठीक असतो, फोडलेला खडबडीत बर्फ टाळा. आपल्या जेवणाची फारच ओढ लागली तर फाहुरातमध्ये गुरुद्वारा श्री गुरु सिंग सभा आहे, तिथे लंगर चालतो. डोके झाकायला रुमाल न्या.

दुपारची झोप आणि संध्याकाळची नदी

दोन वाजता खोली मिळाली की आंघोळ करून झोपा, पण दीड तासाचा गजर लावून. चार तास झोपलात तर रात्री डोळा लागत नाही आणि दुसरा दिवसही जातो.

साडेतीन-चारला निघून बीटीएसने सफान ताक्सिन स्टेशन गाठा. बीटीएसचे सुटे तिकीट यंत्रातून किंवा खिडकीवरून घ्यायचे, कार्डासारखे असते, बाहेर पडताना फाटकात जाते, म्हणून सांभाळा. एमआरटीच्या ब्लू लाइनवर व्हिसा-मास्टरकार्डचे कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवून जाता येते. जे कार्ड आत टेकवले तेच बाहेर टेकवायचे.

बाहेर पडण्याचा मार्ग २ धरला की खाली सातोर्न धक्का. इथे काउंटरवर पर्यटक बोटीची तिकिटे हाकारून विकली जातात, निळ्या झेंड्याची. ती वाईट नाही, पण महाग. तुम्हाला नारिंगी झेंड्याची नेहमीची बोट हवी, भाडे सुमारे १६ बाट, कितीही लांब जा. "ऑरेंज फ्लॅग" म्हणा. बोट धक्क्याला लागते न लागते तोच शिट्टी वाजते, खलाशी दोर गुंडाळतो, लोक पटापट चढतात. रेंगाळलात तर राहिलात. चढल्यावर दारातून आत सरका. भिक्षूंसाठी राखलेली जागा सोडा. मग कंडक्टरबाई लांबट धातूची नळी खुळखुळवत येते. नळीत सुटी नाणी आणि तिकिटांची गुंडाळी असते. नळीचे झाकण उघडून ती एका हाताने नाणी आत टाकते आणि त्याच झाकणाच्या कडेने तिकीट फाडून देते. २० ची नोट तयार ठेवा.

ता तिएन धक्क्यावर उतरायचे. बोट तिथे न थांबता समोर वात अरुणला थांबली तर गोंधळू नका, तिथे उतरून ५ बाटची छोटी फेरीबोट पलीकडे सोडते. धक्क्यापासून दोन-तीन मिनिटांवर वात फो. तिकीट ३०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. आतला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. सगळे जण मुखापाशी फोटोसाठी अडतात. तुम्ही पायांकडे जा: तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकीत १०८ शुभचिन्हे जडवलेली आहेत, आणि पाठीमागच्या बाजूने १०८ भांड्यांत लोक एकेक नाणे टाकत जातात त्याचा टणटणाट सबंध दालनात घुमतो. पाचच्या सुमाराला सहलीचे जथे निघून गेलेले असतात. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवावे.

याच परिसरात तो चांगल्या कपड्यांतला, चांगले इंग्रजी बोलणारा माणूस भेटतो. "आज राजवाडा बंद आहे, बौद्ध सण आहे. मी तुम्हाला २०-४० बाटमध्ये टुकटुक करून देतो, तीन देवळे दाखवेल." टुकटुक एखादे देऊळ दाखवते आणि मग शिंप्याच्या आणि रत्नांच्या दुकानात नेऊन सोडते, जिथे चालकाला दलाली मिळते आणि तुम्हाला काचेच्या भावाचे माणिक हजारो बाटना. बंद आहे की नाही हे फक्त तिकीटखिडकीवर जाऊन ठरवायचे. 'मीटर बिघडलाय' आणि 'हात पुढे करा, कबुतरांना दाणे टाका' ही याच जातीची माणसे. उत्तर न देता चालत राहणे इथे उद्धटपणा ठरत नाही. टुकटुकची हौस जरूर पुरी करा, पण रक्कम आणि ठिकाण चढण्यापूर्वी ठरवून, आणि "दुकान नाही" असे स्पष्ट सांगून.

सूर्यास्त वर्षभर साधारण पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान असतो. नदीकाठी उभे राहून वात अरुण काळवंडताना आणि मग दिव्यांनी उजळताना पाहा. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस, बहुधा संध्याकाळीच कोसळतो. घडीची छत्री आणि फोनसाठी प्लास्टिकची पिशवी जवळ हवी. पाऊस आला तर बोटीचा नाद सोडून एमआरटी धरा.

परतीचा मार्ग आणि रात्र

वात फोपासून सनाम चाय एमआरटी स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे. २०१९ मध्ये सुरू झालेले हे स्टेशन दरबाराच्या दालनासारखे सजवले आहे, पाच मिनिटे जास्त द्या. अंगात त्राण असेल तर दोन स्टेशनांवर वात मांगकोन, म्हणजे चायनाटाउन. तिथल्या याओवारात रस्त्यावर संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, सोमवारी मात्र बऱ्याच बंद असतात. शाकाहाऱ्यांनी इथे 'जे'चा पिवळा झेंडा शोधावा, नाहीतर फळे, भाजलेले चेस्टनट आणि आंबा-चिकटभात यांवर भागवावे. त्राण नसेल तर तीच ब्लू लाइन सीलोम आणि सुखुमवितपर्यंत न बदलता नेते.

रात्री नऊनंतर गल्लीत लांब चालण्यापेक्षा ग्रॅब किंवा बोल्ट अॅपवरून गाडी मागवा. भाडे आधी दिसते, रोख देता येते, आणि प्रवासाचा दुवा घरच्यांना पाठवता येतो. एकट्या स्त्रीने हे नक्की करावे. तसे बँकॉकमध्ये रात्री साडेनऊ-दहालाही मेट्रोत एकट्या मुली सहज दिसतात, भीती बाळगण्यासारखे काही नाही. धोका आहे तो सुखुमवित सोय ४ किंवा पातपोंगसारख्या ठिकाणी 'फक्त बघायला या' म्हणून वर नेणाऱ्यांपासून, जिथे खाली सांगितलेला भाव आणि वर आलेले बिल यांचा संबंध नसतो. नारिंगी जाकिटातले मोटारसायकल टॅक्सीवाले गल्लीच्या तोंडाशी उभे असतात, जवळच्या अंतराला बरे, पण हेल्मेट मागून घ्या.

चालून पाय दुखत असतील तर साध्या दुकानात तासाभराचे पायांचे मालिश सुमारे ३०० बाटला मिळते, दर दाराबाहेर लिहिलेला असतो. वर ५० बाट बक्षीस देण्याची पद्धत आहे.

हॉटेल सोडून या दिवसाचा खर्च सिमसकट साधारण १,७०० बाट येतो, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. दिवस संपताना तीन हजार बाटच्या वर गेला असेल तर कुठे गेला ते झोपण्यापूर्वी लिहून काढा, बहुतेक वेळा टॅक्सी आणि एटीएम हीच दोन नावे निघतात.

फोनमध्ये हे क्रमांक साठवा: पर्यटक पोलीस ११५५, तिथे इंग्रजी बोलणारे मिळतात. पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९. भारतीय दूतावास सुखुमवित सोय २३ वर आहे, असोक स्टेशनपासून चालत जाण्याजोगा. पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत ठेवलात तर त्याच्या पहिल्या पानाचा आणि प्रवेशशिक्क्याचा फोटो फोनमध्ये हवा.

रात्री झोपण्यापूर्वी घरी एक फोन करा, तिकडे दीड तास मागे आहे, सगळे जागेच असतील. सकाळसाठी पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार आणि बाह्यांचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवा, ५०० बाट वेगळे ठेवा आणि साडेसहाचा गजर लावा. ग्रँड पॅलेसला सनाम चायहून चालत पोहोचायला वीस मिनिटे धरा आणि सव्वाआठपर्यंत फाटकासमोर उभे राहा.